दुसऱ्याचा माल, आपली ओळख : थोड्या भांडवलातला ‘ॲफिलिएट’ धंदा



शेतीला जोडधंदा असावा, हे आपल्या भागात नव्याने सांगण्याची गरज नाही. गाई-म्हशी, कोंबड्या, रोपवाटिका, ट्रॅक्टर भाड्याने लावणे, हे सारे आपण करतोच. अलीकडे मात्र आपल्या घरातली शिकलेली मुलं-मुली एक निराळाच धंदा काढू पाहतात. मोबाईलवरून दुसऱ्याचा माल विकायचा, माल घरात ठेवायचा नाही, उधारी नाही, वसुली नाही. विक्री झाली की कमिशन आपल्या खात्यात. याला ‘ॲफिलिएट मार्केटिंग’ म्हणतात.

घरातला कर्ता माणूस हे ऐकतो. अर्धं समजतं, अर्धं समजत नाही. मग एक तर उसाच्या बिलातले दहा-वीस हजार तो मुलाच्या हातावर ठेवतो, नाही तर ‘हे सगळं फसवं आहे’ म्हणून त्याला उठवून लावतो. आमच्या मते या दोन्ही गोष्टी बऱ्या नव्हेत. धंदा खरा आहे. पण त्यात नफा कुठून येतो आणि पैसा कुठे गळतो, हे घरातल्या दोघांनाही कळले पाहिजे. म्हणून या पाठात आपण तो हिशेबासह समजून घेऊ. बाप-लेकांनी, माय-लेकींनी हा पाठ एकत्र बसून वाचावा, ही विनंती.

१. हा धंदा मुळात काय आहे?

तो आपल्याला अनोळखी नाही. बाजार समितीतला अडत्या माल पिकवत नाही. घेणाऱ्याची आणि देणाऱ्याची गाठ घालून देतो व अडत घेतो. तोडणीचा मुकादम टोळी आणतो व त्यावर कमिशन घेतो. ॲफिलिएट हाही असाच मध्यस्थ आहे. फरक इतकाच, की गाठ घालून देण्याचे काम तो एका ‘लिंक’ने करतो.

विकणारी कंपनी आपल्याला स्वतंत्र खूण असलेली लिंक देते. आपल्या लिंकवरून गेलेल्या माणसाने ठरावीक मुदतीत खरेदी केली, तर ती आपल्या नावावर चढते. काट्यावर गाडी लागली की पावतीवर सभासदाचे नाव आणि गट नंबर येतो ना, तसेच समजा. खूण नसेल तर ऊस गेला, पण कुणाचा ते कळले नाही, अशी गत होते.

अमेरिकेतील ॲमेझॉन या कंपनीने १९९६ साली, ती मुख्यतः पुस्तके विकत असताना, अशी योजना सुरू केली. २०१३ मध्ये ती कंपनी भारतात विक्री करू लागली. तिच्या योजनेत लिंक दाबल्यापासून २४ तासांच्या आतली खरेदी साधारणपणे आपल्या नावे धरली जाते. इतर कंपन्यांची मुदत वेगळी असते. कमिशनचा दर मालाच्या प्रकारावर ठरतो आणि कंपनी तो केव्हाही बदलू शकते. म्हणून आज मिळणारा दर कायम राहील असे धरून चालू नये.

पैसे लगेच मिळत नाहीत, हेही ध्यानात ठेवावे. गिऱ्हाईक माल परत करू शकतो, म्हणून कंपन्या साधारण दोन महिने थांबून कमिशन देतात. जाहिरातीचे पैसे मात्र आजच जातात. तेव्हा मधले दोन महिने सोसण्याची तयारी हवी.

२. भांडवल किती घालावे?

आमचे सांगणे : पहिल्या खेपेस एक टन उसाच्या किमतीपेक्षा जास्त घालू नये. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये एफआरपी ठरवली, म्हणजे टनाला ३,५५० रुपये. त्यातून तोडणी-वाहतूक वजा जाते. तेव्हा तीन हजार रुपये ही आपली मर्यादा.

हे तीन हजार परत येतीलच असे धरू नये. नवीन वाणाचे बेणे आपण आधी चार सऱ्यांत लावून पाहतो. सगळं रान त्याखाली घालत नाही. हे तीन हजार म्हणजे त्या चार सऱ्या. सोसायटीचे पीककर्ज, खताचे पैसे, मुलीच्या फीचे पैसे किंवा सोने तारण ठेवून काढलेली रक्कम या कामात एक रुपयासुद्धा घालू नये.

३. माल कोणता निवडावा?

ज्या वस्तूबद्दल आपल्याला स्वतःच्या वापराने बोलता येते, ती निवडावी. शहरातला मुलगा मोबाईल आणि घड्याळांबद्दल लिहितो. त्यात हजारो लोक आधीच उतरले आहेत. आपल्याजवळ जे ज्ञान आहे ते त्याच्याजवळ नाही. बॅटरीवरचा फवारणी पंप घ्या. सोळा लिटरचा पंप भरला की पाण्याचेच सोळा किलो आणि पंपाचे वजन वेगळे. तो पाठीवर घेऊन उंच वाढलेल्या उसात शिरलेल्या माणसालाच पट्टा कुठे काचतो, नोझल कशाने तुंबते, बॅटरी एका चार्जिंगला किती पंप काढते आणि दुसऱ्या हंगामात ती किती उतरते, हे माहीत असते. गिऱ्हाईकाला नेमके हेच हवे असते.

कीटकनाशके, तणनाशके यांच्या वाटेला मात्र जाऊ नये. त्यांच्या विक्रीला परवाना लागतो आणि चुकीच्या सल्ल्याने दुसऱ्याचे पीक जाते. औषधे, झटपट वजन उतरवणाऱ्या पुड्या, सट्ट्याचे खेळ, यांवर कमिशन मोठे दाखवतात. तेही टाळावे.

४. आधी पान, मग जाहिरात

पुष्कळ मुले इथेच फसतात. कंपनीची लिंक घेतात आणि तिचीच जाहिरात पैसे देऊन लावतात. ॲमेझॉनच्या योजनेत गुगलच्या शोधातील जाहिरातीतून थेट तिच्या दुकानावर माणूस पाठवायला मनाई आहे. कंपनीच्या नावावर बोली लावायलाही मनाई आहे. नियम मोडला तर खाते बंद होते आणि साठलेले कमिशनही जाऊ शकते.

बरोबर रीत अशी : जाहिरातीवरून माणूस आपल्या पानावर यावा, त्याने तिथली माहिती वाचावी आणि पटले तर स्वतः होऊन लिंक दाबावी. हे पान ‘ब्लॉगर’वर फुकट तयार होते. यूट्यूबवर चॅनेल काढायलाही पैसे पडत नाहीत.

पानावर काय असावे? वस्तूचे आपण स्वतः काढलेले फोटो. दोन-तीन पंपांची तुलना. कोणता पंप कुणी घ्यावा आणि कोणता कुणी घेऊ नये, हे स्पष्ट शब्दांत. सुटे भाग तालुक्याच्या गावी मिळतात का, ते. किंमत लिहू नये. ती रोज बदलते आणि ॲमेझॉनच्या योजनेत हाताने किंमत लिहून ठेवायला परवानगीही नाही. आणि ‘या लिंकवरून खरेदी केल्यास आम्हाला कमिशन मिळते’ हे वाक्य लपवून न ठेवता वरच लिहावे.

५. जाहिरातीचा लिलाव कसा चालतो?

गुगलने शब्दांवर चालणारी आपली जाहिरात योजना ऑक्टोबर २००० मध्ये सुरू केली. कोणी ‘फवारणी पंप’ असे शोधले, की त्याच क्षणी जाहिरातदारांच्या बोलींचा लिलाव होतो. पण हा लिलाव नुसता पैशावर सुटत नाही. जाहिरात शोधलेल्या शब्दाशी जुळते का, लोक ती दाबतील का, उघडणारे पान कामाचे आहे का, हेही पाहिले जाते. म्हणून कमी बोलीचा माणूससुद्धा नेमक्या पानाच्या जोरावर वर येऊ शकतो. लहान भांडवलवाल्याला हाच काय तो आधार आहे.

फेसबुकची तऱ्हा निराळी. तिथे माणूस काही शोधायला आलेला नसतो; करमणुकीला आलेला असतो. गुगलवरचा माणूस म्हणजे दुकानाच्या पायरीवर उभा असलेला गिऱ्हाईक, आणि फेसबुकवरचा म्हणजे जत्रेत फिरणारा. जत्रेत ओळख चांगली होते, विक्री कमी होते. पहिल्या खेपेस एकच जागा निवडावी. दोन्हीकडे पैसे विखुरले तर काहीच नीट कळत नाही.

जाहिरात लावताना पुढील गोष्टी सांभाळाव्यात.

(अ) शब्द नेमके घ्यावेत. ‘पंप’ एवढाच शब्द घेतला तर पाण्याची मोटर शोधणाराही येतो आणि आपले पैसे जातात. ‘बॅटरी फवारणी पंप कोणता चांगला’ हा शब्द बरा. लोक देवनागरीत लिहितात, तसेच इंग्रजी अक्षरांत मराठी लिहितात; दोन्ही रूपे घ्यावीत.

(ब) नको असलेले शब्द आधीच वगळावेत. ‘अनुदान’, ‘फुकट’, ‘भाड्याने’, ‘दुरुस्ती’, ‘जुना’. ‘पंप अनुदान’ शोधणाऱ्याला सरकारी योजनेची माहिती हवी असते. आज पंप विकत घ्यायला तो आलेला नसतो. ही तणं वेळीच काढली नाहीत तर खत तीच खातात.

(क) जिल्हा किंवा तालुके ठरवून द्यावेत. ‘त्या भागात असलेले लोक’ हाच पर्याय निवडावा. ‘त्या भागात रस असलेले’ हा पर्याय चालू राहिला तर जाहिरात भलतीकडे दिसते.

(ड) रोजची मर्यादा घालावी; पण ती कशी मोजतात ते समजून घ्यावे. गुगल एखाद्या दिवशी ठरवलेल्या रकमेच्या दुपटीपर्यंत खर्च करू शकते. महिन्याची बेरीज मात्र रोजच्या मर्यादेच्या ३०.४ पटीवर जाऊ देत नाही. म्हणजे १०० रुपये रोज ठरवले तर एखाद्या दिवशी २०० गेलेले दिसतील. घाबरू नये, पण शेवटची तारीख घातल्याशिवाय जाहिरात सोडू नये. आगाऊ पैसे भरून चालवण्याची सोय असेल तर तीच घ्यावी.

६. आता हिशेब

पुढचे आकडे उदाहरणादाखल आहेत. रीत समजून घ्यावी आणि आपले आकडे त्यात घालावेत.

समजा, पंपाची किंमत ३,००० रुपये आणि कमिशन ५ टक्के, म्हणजे विक्रीमागे १५० रुपये. जाहिरातीला २,५०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी ४५० रुपये. एकूण खर्च २,९५०. एका क्लिकला ५ रुपये पडले, तर ५०० माणसे आपल्या पानावर आली. त्यातल्या १०० जणांनी लिंक दाबली. त्यातल्या चौघांनी पंप घेतला. कमिशन ६०० रुपये. तोटा २,३५० रुपये.

चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! ‘मोबाईलवर घरबसल्या कमाई’ सांगणारे हा हिशेब दाखवत नाहीत. म्हणून आम्ही तो मुद्दाम मांडला.

आता यातून शिकायचे काय? ६०० रुपयांना ५०० ने भागले तर एका माणसामागे १ रुपया २० पैसे पडतात. जीएसटी धरून क्लिक एवढ्यात पडली तरच तोंडमिळवणी. याला आपण ‘क्लिकची परवड’ म्हणू. जाहिरात लावण्याआधी ही परवड काढता आली नाही, तर जाहिरात लावूच नये.

ही परवड वाढवण्याचे मार्ग आहेत. टनेज आणि उतारा या दोन गोष्टी आपण वेगळ्या मोजतो. पानावर आलेली माणसे हे टनेज. त्यातून झालेली विक्री हा उतारा. नवशिका टनेज वाढवायला धावतो. आधी उतारा सुधारावा. वगळायचे शब्द वाढवले, पान नीट केले, आणि समजा दुसऱ्या खेपेस २,४०० रुपये व ४३२ रुपये जीएसटी, म्हणजे २,८३२ रुपयांत, ४ रुपये क्लिकने ६०० माणसे आली. १८० जणांनी लिंक दाबली, ९ जणांनी पंप घेतला. कमिशन १,३५० रुपये. तोटा अजून आहेच, पण २,३५० चा १,४८२ वर आला. परवड १ रुपया २० पैशांवरून २ रुपये २५ पैशांवर गेली.

तिसरा मार्ग म्हणजे कमिशन देणारा बदलणे. तालुक्यातला औजारांचा विक्रेता घ्या. ४० हजारांच्या पॉवर वीडरमागे तो समजा १,००० रुपये द्यायला तयार झाला. त्याच २,८३२ रुपयांत ६०० माणसांनी पान पाहिले, वीस जणांनी फोन केला आणि तिघांनी यंत्र घेतले, तर ३,००० रुपये आले. १६८ रुपये सुटले. रक्कम हसण्यासारखी आहे. पण धंदा आता आपल्या पायावर उभा आहे. अशा विक्रेत्याशी बोलणे मात्र तोंडी ठेवू नये. दर किती, पैसे कधी, गिऱ्हाईक आपल्याकडूनच आला हे कसे ओळखायचे, या तिन्ही गोष्टी कागदावर घ्याव्यात.

थांबायचे केव्हा, हाही हिशेबच आहे. सव्वाशे माणसांमागे एक विक्री अशी अपेक्षा असेल, तर पहिल्या पन्नास माणसांत विक्री झाली नाही म्हणून निराश होऊ नये. तेवढ्याने काहीच सिद्ध होत नाही. पण अपेक्षेच्या तिप्पट, म्हणजे पावणेचारशे माणसे येऊन गेली आणि एकही विक्री नाही, तर आपला अंदाज चुकला असे धरावे आणि जाहिरात बंद करावी. ‘अजून हजार घालून बघू’ या वाक्यानेच लोक बुडतात. ही मर्यादा जाहिरात लावण्याआधी वहीत लिहून ठेवावी आणि खाली घरातल्या दुसऱ्या माणसाची सही घ्यावी.

७. खोडव्यातला फायदा

मग यात राम आहे तरी कुठे? खोडव्यात. लागणीला बेणे, मशागत, मजुरी असा खर्च येतो. खोडव्याला बेण्याचा आणि लागणीचा खर्च नसतो, पण पाचट ठेवले, बगला फोडल्या, खत वेळेवर दिले तर पीक चांगले येते. जाहिरातीने आणलेली माणसे ही लागण. आपले पान किंवा व्हिडिओ उपयोगाचा असेल, तर पुढे लोक शोधातून आपोआप येतात; त्यांच्यासाठी क्लिकचे पैसे पडत नाहीत. जाहिरात बंद झाल्यावरही महिन्याला शंभर माणसे येत राहिली आणि वरच्याच उताऱ्याने दीड-दोन पंप गेले, तर ती कमाई निव्वळ राहते.

म्हणून जाहिरातीच्या तीन हजारांतून विक्रीपेक्षा मोठी गोष्ट मिळवायची ती म्हणजे माहिती. लोक कोणते शब्द लिहून शोधतात, कुठे थांबतात, कुठून परत फिरतात. ती माहिती वापरून पुढची पाच पाने, पाच व्हिडिओ तयार करावेत. याला सहा महिने-वर्ष लागते. आडसाली उसाची वाट पाहणाऱ्या माणसाला एवढा धीर धरणे जड जाऊ नये. ॲमेझॉनच्या योजनेत पहिल्या १८० दिवसांत तीन विक्री झाल्या नाहीत तर खाते बंद होते, हे तेवढे लक्षात असू द्यावे. आणि त्या तीन विक्री स्वतः खरेदी करून किंवा भावकीला सांगून भरून काढता येत नाहीत; तशी खरेदी धरत नाहीत.

८. कायदा आणि कर

शेतीच्या उत्पन्नावर केंद्राचा आयकर नाही. पण हे कमिशन शेतीचे उत्पन्न नव्हे. सातबारा नावावर आहे म्हणून ते करमुक्त होत नाही. विवरणपत्रात ते दाखवावे लागते. कमिशनवर उगमस्थानी कर कापला जातो. त्याचा दर १ ऑक्टोबर २०२४ पासून ५ वरून २ टक्क्यांवर आणला गेला. पॅन दिला नाही तर कपात बरीच जास्त होते. कापलेला कर विवरणपत्र भरल्यावरच परत मागता येतो.

खोटी शिफारस हा गुन्ह्यासारखाच प्रकार आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार फसव्या जाहिरातीबद्दल शिफारस करणाऱ्यालाही पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. जून २०२२ मध्ये आलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, आपले कंपनीशी आर्थिक नाते असेल तर ते उघड सांगणे बंधनकारक आहे. न वापरलेली वस्तू ‘आम्ही वापरली’ असे सांगू नये. शेजाऱ्याने आपल्या शब्दावर पंप घेतला आणि तो पंधरा दिवसांत बंद पडला, तर कायदा दूरच राहिला, पारावर बसायची सोय राहत नाही.

९. खरे-खोटे कसे ओळखावे?

या धंद्याच्या नावाखाली फसवणूकही चालते. ओळखण्याची खूण सोपी आहे. खऱ्या ॲफिलिएट योजनेत सामील व्हायला पैसे भरावे लागत नाहीत आणि कमिशन मालाच्या विक्रीवर मिळते. कोणी ‘आधी पाच हजार भरा, मग तीन माणसे आणा, त्यांनी आणखी तीन आणावीत’ असे म्हणाला, तर ती साखळी योजना समजावी. अशा पैसे फिरवण्याच्या योजनांवर १९७८ च्या कायद्याने बंदी आहे आणि थेट विक्रीच्या २०२१ च्या नियमांनीही पिरॅमिड योजनेला मनाई केली आहे. ‘व्हिडिओला लाईक द्या, पैसे मिळवा’ म्हणून आधी शे-दोनशे देणारे आणि मग मोठी रक्कम भरायला लावणारे हेही लुटारूच. पैसे गेलेच तर लाज न बाळगता ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करावा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणे अवघड.

महागड्या ‘कोर्स’बद्दलही तेच. या पाठात सांगितलेली कामे शिकायला फी लागत नाही.

१०. चार आठवड्यांचा कार्यक्रम

पहिला आठवडा : एक वस्तू निवडा, जी घरात किमान एक हंगाम वापरली आहे. योजनेचे नियम वाचा. परवड काढा.

दुसरा आठवडा : एक पान आणि एक व्हिडिओ तयार करा. गावातल्या दहा जणांना दाखवा. त्यांना काय कळले नाही ते विचारा आणि सुधारा.

तिसरा आठवडा : शंभर रुपये रोजाने जाहिरात लावा. रोज संध्याकाळी वहीत पाच आकडे लिहा : खर्च, आलेली माणसे, लिंक दाबणारे, विक्री, कमिशन. नको ते शब्द रोज वगळा.

चौथा आठवडा : परवड पुन्हा काढा. सुधारत असेल तर ठरलेल्या मर्यादेपर्यंत चालू ठेवा. नसेल तर थांबा आणि उरलेले पैसे परत घरात ठेवा.

बंधू-भगिनींनो, हा धंदा उसाची जागा घेईल असे आम्ही म्हणत नाही. पण घरातल्या शिकलेल्या पोराला किंवा सुनेला हिशेब ठेवायची, खरे बोलून विकायची आणि वेळेवर थांबायची सवय यातून लागली, तर एक टन उसाचे पैसे वाया गेले असे आम्हाला वाटत नाही. मर्यादा मात्र तीन हजारांचीच. वही घातल्याशिवाय सुरुवात करू नये.